धुळ्याजवळ माउंटन बाइकसाठी कच्च्या वाटा अशा सापडल्या
बऱ्याच वर्षांनी सायकल काढली, पण नकाशात फक्त डांबरी रस्ते. विचारलं की सगळे महामार्गानेच लळिंगच्या किल्ल्याकडे पाठवायचे. ट्रकांच्या धुरात जीव नकोसा झाला. सायकलवाले कुठून जातात ते दाखवणारा हीटमॅपही शहराबाहेर जवळपास कोराच.

शेवटी जमलं ते असं: संगणकावर गूगल अर्थमध्ये उन्हाळ्यातलं जुनं उपग्रहचित्र निवडा. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे गाडवाटा पांढुरक्या रेघांसारख्या उठून दिसतात. त्यावर पाथ (वाटेची रेघ) आखा, ती साठवणारी केएमएल फाइल काढा, फोनवर ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपमध्ये उघडा. परिसराचा नकाशा आधीच उतरवून ठेवला की नेटवर्कची गरज पडत नाही.

मग गुराख्याला विचारा, 'भाऊ, ही वाट पुढे निघते का?' कुठे कुंपण पडलंय, हे त्यालाच ठाऊक असतं. वनखात्याच्या कुरणात मात्र वनरक्षकाला विचारूनच शिरा. बाभळीचे काटे फार, ट्यूबमध्ये सीलंट (पंक्चर आतूनच बुजवणारं द्रव) भराच.