सेमिस्टर संपल्यावर तुमच्या प्रोटोटाइपचं काय होतं?

आमच्या लॅबच्या कपाटात सगळ्यात खालचा कप्पा परत आलेल्या प्रोटोटाइपचा, म्हणजे वापरून बघायला बनवलेल्या नमुन्यांचा आहे. गेली बारा वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रकल्पांना मी मार्गदर्शन करतोय, त्यात तो भरत गेला. काही कारखान्यांसाठी केलेले, काही सामाजिक संस्थांसाठी. डेमोच्या दिवशी यातला एकूण एक चालला होता. बंद पडले ते नंतर, आणि तोवर बनवणारे पास होऊन निघून गेले होते. पुढचं सगळं त्या कप्प्याकडे बघूनच लिहितोय.

पहिली भेट. समोरचा माणूस तुम्हाला अडचण सांगत नाही, त्याच्या मनातला उपाय सांगतो. "आम्हाला एक ॲप करून द्या." "सेन्सर बसवून द्या." वहीत उतरवून घ्या, पण लगेच मान डोलावू नका. एवढंच म्हणा: "आत्ता हे काम कसं करता, जरा करून दाखवाल?" एका कारखान्याला सुटे भाग मोजणारा कॅमेरा हवा होता. मुलं दोन पाळ्या तिथे उभी राहिली तेव्हा कळलं, मोजणारे चुकत नव्हतेच. पाळी बदलताना अर्धवट भरलेला ट्रे राहायचा आणि त्यात नेमके किती भाग आहेत, हे कुणालाच सांगता यायचं नाही. शेवटी मुलांनी ५० खाचांचा ट्रे बनवला. रिकामी खाच लांबून दिसते, मोजायचं कामच उरलं नाही. कॅमेरा गेला म्हणून गट आठवडाभर हिरमुसला होता. अहवालात इमेज प्रोसेसिंगचं प्रकरण टाकायचं ठरलं होतं ना!

आणि जाल तेव्हा गैरसोयीच्या वेळी जा. रात्रपाळीला, गर्दीत, हातमोजे घातलेल्या माणसांच्या मध्ये. साहेबांच्या केबिनमध्ये बसून बटणाचा आकार ठरत नसतो.

परत आलात की "हलकं", "मजबूत", "वापरायला सोपं" हे शब्द खोडा आणि मोजता येईल असं काहीतरी लिहा: वजन १.२ किलोच्या आत, १ मीटरवरून तीनदा पडलं तरी चालू, हातमोजे न काढता १० सेकंदांत सुरू. प्रत्येक ओळीपुढे ती कशी तपासणार तेही लिहा आणि भागीदाराकडून, म्हणजे ज्या कारखान्यासाठी किंवा संस्थेसाठी बनवताय त्यांच्याकडून, मान्य करून घ्या. हा एक कागद नसला की शेवटच्या महिन्यात "त्यात ब्लूटूथ पण टाका ना" सुरू होतं.

आता बनवायला घ्या, पण थ्रीडी प्रिंटर चालू करायच्या आधी एक प्रश्न लिहा: हा नमुना मला काय सांगणार आहे? पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनवण्याआधी त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून फिरायचे. ही वस्तू खिशात मावते का, दिवसातून किती वेळा काढावीशी वाटते, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी आत सर्किट कशाला? पहिला नमुना पुठ्ठ्याचा केलात तर आणखी एक फायदा होतो. समोरचा माणूस मोकळेपणाने नावं ठेवतो. चकचकीत वस्तू दाखवली की तो "छान आहे" म्हणतो आणि तुमचा महिना वाया जातो.

चाचणीत आमचा नियम साधा आहे: एक जण बोलेल, एक लिहील, एक फक्त वापरणाऱ्याचे हात बघेल. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही) असलेल्या मुलांसाठी एक मोठं बटण केलं होतं, दाबलं की खेळणं चालू. मुलांना घेऊन चाचणी करायची म्हणून पालकांची संमती आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधीच घेतली होती. तुम्हीही घ्या, ते काम आठवड्यांचं असतं. बटण दाबायला सोपं होतं, पण एक चिमुकलं पोर मनगटाच्या मागच्या बाजूने मारायचं आणि बटण टेबलावरून घसरत जायचं. हे दिसलं ते हात बघणाऱ्या मुलीला. खाली रबराचा न घसरणारा तुकडा चिकटवला, काम झालं. त्या बटणात एक गोष्ट मात्र गटाने सुरुवातीपासून बरोबर केली होती: वायर जोडायला ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅक. अशा स्विचांना सहसा हाच जॅक असतो, म्हणून संस्थेकडची जुनी खेळणीही त्यावर चालली.

साहित्याबद्दल माझा अनुभव कडू आहे. थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. मोटरच्या अंगावर बसवलेला एक डबा असाच वाकून परत आला. गटाने सगळा कोड तपासला होता, मोटर किती तापते ते कुणी पाहिलं नव्हतं. एबीएस हे दुसरं प्लास्टिक साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं, पण छापताना कोपरे उचलतं. थरांची दिशाही बघा, कारण छापलेला भाग दोन थरांच्या मध्ये सगळ्यात आधी तुटतो. एम३ (३ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूसाठी ३ मिलिमीटरचं भोक काढलंत तर स्क्रू जाणार नाही, छपाईत भोक आक्रसतं, ३.३ धरा. झाकण वारंवार उघडायचं असेल तर पितळी इन्सर्ट (आत आटे असलेली छोटी नळी) तापवून बसवा.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचून सर्किट जोडायची पाटी) लॅबच्या दाराबाहेर जाता कामा नये. कंपनाने तारा निसटतात आणि दोष कधी दिसतो, कधी नाही. वायर डब्यातून बाहेर येते तिथे तिला पकड द्या, नाहीतर ओढ थेट सोल्डरवर येते. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनला ३.३ व्होल्ट चालतात. ५ व्होल्टचा सेन्सर सरळ जोडून जाळलेले बोर्ड मी मोजायचे सोडून दिलेत. कारखान्याच्या यंत्राचं सुरक्षा कवच किंवा इमर्जन्सी स्टॉप तुमच्या जोडणीसाठी कधीही बायपास करू नका, भागीदार स्वतः म्हणाला तरी.

कंपनी असेल तर पहिलं रेखाचित्र काढण्याआधी विचारा: डिझाइन कुणाच्या मालकीचं, आणि अहवालात काय छापता येईल? गोपनीयतेचा करार मार्गदर्शकाला दाखवल्याशिवाय सही नको.

आता तो कप्पा ज्यामुळे भरला, ते हस्तांतरण, म्हणजे वस्तू भागीदाराच्या ताब्यात देणं. त्याची तयारी सेमिस्टरच्या मध्यावर सुरू करा. एका प्रकल्पाचा डॅशबोर्ड एका विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर उघडलेला होता. तो पास झाला, पासवर्ड त्याच्यासोबत गेला, उपकरण अजून चांगलं आहे आणि कुणालाच उघडता येत नाही. खातं पहिल्या दिवसापासून भागीदाराच्या नावाने काढा. डिझाइनची फाइल देताना नुसती एसटीएल (थ्रीडी छपाईला लागते ती) देऊ नका, ती नंतर बदलणं जिकिरीचं. स्टेप (इतर डिझाइन सॉफ्टवेअरमध्येही उघडते ती) आणि मूळ कॅड फाइलही द्या. सुट्या भागांची यादी, दोन जास्तीचे सेन्सर, आणि डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं जोडणीचं चित्र.

मग शेवटची चाचणी. तुमच्या गटात नसलेल्या माणसाला फक्त वस्तूसोबत देणार असलेला माहितीचा कागद द्या आणि बॅटरी बदलायला सांगा. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा, तोंड बंद. मागच्या वेळी संस्थेच्या बाई झाकण उलट्या बाजूने पाच मिनिटं ओढत होत्या. झाकणावर बाण कोरायला आम्हाला दहा मिनिटं लागली.