नाव झाकले, पण धागे उघडेच: निनावी खाते चालवताना या चुका टाळा

खरे नाव न सांगता लिहिण्याची गरज अनेकांना असते आणि त्यात गैर काहीच नाही. सासरच्या त्रासाबद्दल सल्ला विचारणारी तरुणी, मार्गदर्शकाविरुद्धची तक्रार मांडू पाहणारा संशोधक विद्यार्थी, स्वतःच्या मानसिक आजाराविषयी प्रथमच बोलणारा माणूस, या सर्वांना नाव लावायला लावले तर ते गप्पच बसतील. कोल्हापुरात तर दोन अनोळखी माणसे भेटली की ‘कुठल्या पेठेतले? कुणाचे?’ ही चौकशी आधी होते, त्यामुळे अशा आडोशाचे मोल इथे अधिकच आहे. मात्र हा आडोसा बहुतेकदा नाव फुटल्यामुळे जात नाही; उघडे खाते आणि निनावी खाते यांना जोडणारा एखादा धागा कुणाच्या तरी हाती लागतो आणि तो जातो.

मोबाइल नंबर

सर्वाधिक घात इथे होतो. नवे खाते काढताना लोक रोजचाच नंबर देतात आणि ॲपने संपर्क यादी पाहण्याची परवानगी मागितली की न वाचताच होकार भरतात. त्यानंतर तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांना तुमचे निनावी खाते ‘ओळखीचे’ म्हणून सुचवले जाऊ शकते. त्यांत आतेभाऊ असतो, तसेच कार्यालयातले साहेबही असतात. खाते वेगळ्या ईमेलवर काढावे, संपर्क यादीची परवानगी नाकारावी आणि सेटिंगमध्ये जाऊन आपले खाते इतरांना सुचवण्याची सोय बंद करावी. टेलिग्राममध्ये नंबर कोणाला दिसावा आणि नंबरावरून आपल्याला कोणी शोधू शकावे, या दोन स्वतंत्र सेटिंग आहेत. पहिली बदलून दुसरी तशीच ठेवणारे पुष्कळ आहेत. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये टोपणनावाचा उपयोग जवळजवळ नाहीच, कारण तिथे सर्व सदस्यांना नंबर दिसतो आणि तोच नंबर यूपीआय ॲपमध्ये टाकला की, एक रुपयाही न पाठवता, बँकेत नोंदवलेले नाव समोर येते.

थोडे थोडे सांगणे

एकेक तपशील निरुपद्रवी वाटतो, पण ते एकत्र आले की माणूस नेमका सापडतो. लतान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने १९९०च्या जनगणनेच्या आधारे २००० मध्ये असा अंदाज मांडला होता की केवळ जन्मतारीख, लिंग आणि तिथला पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के अमेरिकी नागरिक एकमेवपणे ओळखता येतील. आपल्याकडे हे चित्र कसे दिसते ते पाहा. एखादा तरुण आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाविषयी निनावी खात्यावरून लिहितो. शाहू स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याचे त्याचे छायाचित्र गॅलरीच्या एकाच कोपऱ्यातून घेतलेले असते. गणपतीत तो ‘आमच्या गल्लीची मिरवणूक’ टाकतो, एका संध्याकाळी घराच्या गच्चीवरून दिसणारा रंकाळा टाकतो आणि मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आभार मानतो. एवढ्यावर त्या पेठेतला कोणीही पाच मिनिटांत त्याचे घर दाखवू शकेल. छायाचित्राच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंदही असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ती निघून जाते, परंतु डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास तशीच पुढे जाते. म्हणून कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोयच बंद ठेवावी आणि छायाचित्रे काही दिवसांनी टाकावीत.

लिहिण्याची सवयही ओळख सांगते. ‘नाद खुळा’ किंवा ‘काय करालायस’ यावरून फार तर गाव कळेल. पण प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबे, एखाद्या शब्दाचे ठरलेले चुकीचे लेखन, ठरावीक इमोजी हे सारे दोन्ही खात्यांवर दिसले की जवळच्या माणसाला वेगळा पुरावा लागत नाही. जुने युजरनेम आणि जुना प्रोफाइल फोटो पुन्हा वापरणे हीदेखील याच जातीची चूक आहे.

निनावी म्हणजे बेपत्ता नव्हे

ब्राउझरची खासगी विंडो त्याच फोनवरचा इतिहास लपवते. इंटरनेट कंपनी आणि संकेतस्थळ यांच्यापासून ती तुम्हाला लपवत नाही. व्हीपीएनवरही, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणाऱ्या सेवेवरही, सर्व भार टाकू नये, कारण ग्राहकांची नावे, पत्ते आणि संपर्क क्रमांक किमान पाच वर्षे जपून ठेवावेत, असा आदेश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांसाठी काढलेला आहे. टोपणनाव घेणे हा गुन्हा नाही, मात्र दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचे नाव आणि फोटो लावून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही सीमारेषा तरुण मुलांना घरात आणि महाविद्यालयात स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

ओळख फुटलीच तर

घाबरून खाते लगेच पुसून टाकणे ही दुसरी मोठी चूक, कारण त्याबरोबर धमक्यांचा पुरावाही जातो. आधी लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मगच खाते बंद करावे. धमकी किंवा बदनामी असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. महिला आणि मुलांविषयीच्या लैंगिक मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा.

शेवटची चूक वाचणाऱ्यांची आहे. निनावी लेखनातून एखादा ओळखीचा माणूस ध्यानात आला की खाली ‘ओळखलं बघ भावा’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, आणि त्या एका ओळीने महिनोन्‌महिने जपलेला आडोसा सर्वांसमोर फाटतो. अशा वेळी तिथे काहीही लिहू नये. त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून किंवा स्वतंत्र फोन करून, कोणत्या तपशिलावरून तिची ओळख पटली एवढेच सांगावे, म्हणजे तो तपशील तिला वेळीच काढून टाकता येईल.