कानामागच्या मशीनची शिट्टी कशी थांबली

दोन्ही कान वारंवार वाहतात, त्यामुळे कानात घालायचं ऐकण्याचं मशीन मला चालेना. शेवटी हेडबँडवरचं, कानामागच्या हाडावर टेकणारं घेतलं. ते कंपनं कवटीतून थेट आतल्या कानाला पोचवतं. पडदा आणि मधला कान वाटेत येतच नाहीत.

पहिला आठवडा वैतागात गेला. मान वळवली की शिट्टी, घास चावला की शिट्टी. आवाज कमी केला, तर लोकांचे 'स' आणि 'श' गायब! मी मशीनलाच शिव्या घालत होतो.

एकदा आरशासमोर चष्मा काढला आणि शिट्टी बंद. घातला की सुरू. चष्म्याची काडी मशीनच्या कडेला टेकत होती, तिच्यातून कंपन परत माइकमध्ये शिरत होतं. मशीन बोटभर मागे सरकवलं, कानाच्या पाळीलाही लागणार नाही असं. मशीनच्या, कातडीवर टेकणाऱ्या चकतीखालचे केस बाजूला केले. पट्टा मात्र करकचून आवळला, हा शुद्ध मूर्खपणा. संध्याकाळी कातडीवर लालभडक गोल उमटला. आता खाली एक बोट सरकेल इतपतच ताण ठेवतो.

'स'-'श'चं काम ऑडिओलॉजिस्टबाईंनी (श्रवणतज्ज्ञ) केलं. आधीचं सेटिंग जुन्या ऑडिओग्रामवरून, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरून होतं. त्यांनी मशीन डोक्यावर असतानाच त्यातूनच बीप वाजवून माझं ऐकणं पुन्हा मोजलं. मशीन आणि हाड यांच्या मधली कातडी 'स'-'श'सारखे वरच्या पट्टीतले आवाज बरेच दाबते, ती घट अशा मोजणीत आपोआप धरली जाते.

चष्म्याची काडीही थोडी वाकवून घेतली.