जर्मनीचा स्टुडंट व्हिसा: आधी पत्ता, मग बाकी सगळं

पासपोर्टावर जर्मनीचा व्हिसा चिकटला की घरी पेढे येतात. येऊ देत. पण पेढा खाता खाता तो स्टिकर एकदा नीट वाचा. तुमचं मास्टर्स दोन वर्षांचं असलं तरी स्टिकरवरची मुदत काही महिन्यांची, फार तर वर्षभराची असते. पुढचा राहण्याचा परवाना इथे आल्यावर शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीकडून काढायचा असतो आणि पदवी हातात पडेपर्यंत टिकवायचा असतो. नव्या मुलांची दमछाक होते ती इथे. पहिल्या भागासाठी क्लास, एजंट, यूट्यूब सगळे हजर असतात. दुसऱ्यासाठी कुणी नसतं.

म्हणून भारतातल्या तयारीबद्दल मी थोडक्यातच लिहिते. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत का, हे त्यात तपासतात. फी 18,000 रुपये. प्रवेश मिळाल्यावर बघू, असं म्हणू नका. बरीच विद्यापीठं प्रवेशाच्या अर्जासोबतच ते मागतात, आणि आपल्या विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायला किती चकरा होतात ते तुम्हाला माहीत आहेच. महाराष्ट्र-गोव्यातली व्हिसाची फाइल मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जाते. व्हिसा नाकारला तर पूर्वी त्याच कॉन्सुलेटकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नव्याने अर्ज करायचा, नाही तर थेट बर्लिनच्या न्यायालयात जायचं. त्यामुळे पहिलीच फाइल चोख हवी.

आपल्याकडच्या मुलांना हमखास नडणारी एक गोष्ट म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टात तुमचं आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ होतं. जर्मन कारकून पासपोर्ट प्रमाण मानतो, त्यामुळे पाटलांचा राहुल इथे सगळ्या कागदांवर ‘राहुल संजय’ होतो. होऊ दे. फक्त विद्यापीठ, विमा, बँक, भाडेकरार सगळीकडे नाव पासपोर्टाप्रमाणे अक्षरशः तेच ठेवा. लग्नानंतर पासपोर्टात नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र इंग्रजीत सोबत आणावं.

कॉलेज निवडताना एवढं ध्यानात ठेवा की इथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, दर सेमिस्टरला काहीशे युरोंपर्यंतचं अंशदान भरायचं असतं. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024-25 च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली आहे. एजंट तुम्हाला सारखा खासगी कॉलेजांकडेच वळवत असेल तर त्याचं कमिशन कुठून येतं, ते आधी विचारा. आणि कोर्स मुख्यतः ऑनलाइन असेल तर सावध व्हा. विद्यार्थी म्हणून इथे राहायचा परवाना प्रत्यक्ष वर्गात बसून शिकण्यासाठी मिळतो, घरी लॅपटॉपवर लेक्चर ऐकायला नाही.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा आहे. ते तुमचेच पैसे, पण महिन्याला 992 युरो याच हिशेबाने बाहेर येतात. भारतातून पाठवताना बँकेकडून मिळालेल्या एज्युकेशन लोनमधले असतील तर त्यावर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही. बाबांच्या खात्यातून मोठी रक्कम जात असेल तर लागू शकतो, पण तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. सीएला आधीच सांगून ठेवा.

खरी मेख पुढे आहे. इथे उतरल्या उतरल्या ते 992 युरो मिळत नाहीत. त्यासाठी जर्मन बँक खातं लागतं, खात्यासाठी बहुतेक वेळा पत्त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी घर लागतं. घरासाठी डिपॉझिट आणि पहिलं भाडं रोख हवं. डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येतं. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट भरलेलं असूनही पहिला महिना-दीड महिना तुमच्याकडे खर्चाला काहीच नसतं. फॉरेक्स कार्डावर निदान दोन-अडीच हजार युरो वेगळे ठेवा. कर्ज काढताना ही रक्कम त्यात धरलेली नसते, आणि मग पहिल्याच महिन्यात घरी फोन करून ‘बाबा, अजून थोडे पाठवाल का’ म्हणावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: तिकिटाआधी खोली. विद्यार्थी वसतिगृहं चालवणाऱ्या स्टुडेंटनवेर्ककडे प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच अर्ज टाका. मोठ्या शहरांत तिथली रांग कित्येक महिन्यांची असते. बाहेर खोली शोधताना जाहिरातीत ‘आनमेल्डुंग शक्य नाही’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते बघा. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो: अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतोय. भाडेकरार दाखवून भागत नाही, तोच कागद लागतो. एखाद्या मित्राच्या मित्राने आपली खोली परस्पर भाड्याने दिली असेल तर ही सही मिळत नाही, आणि तिथून पुढे सगळंच अडतं: बँक, परवाना, नोकरीसाठी लागणारा कर क्रमांक. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, तुम्ही आधी डिपॉझिट टाका, असं कुणी म्हणालं तर ते संभाषण तिथेच थांबवा.

खोली मिळाली की पहिल्याच दिवशी लेटरबॉक्सवर आपलं आडनाव लावा. कागदाचा तुकडा आणि सेलोटेपही चालतो, पण लावा. इथे टपाल फ्लॅट नंबरवर येत नाही, नावावर येतं. पोस्टमनला डब्यावर नाव दिसलं नाही तर तो पत्र परत पाठवतो, शेजाऱ्याला विचारत बसत नाही. आणि तुमचं सगळं आयुष्य त्या डब्यातून येणार असतं: बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, परवान्याच्या कार्डाचा पिन, कचेरीच्या भेटीची तारीख. त्यातच एक पत्र रेडिओ-टीव्ही शुल्काचं येईल, महिना 18.36 युरो. ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. ते घरामागे असतं. पण चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकानेच भरायचं आणि वाटून घ्यायचं. पत्र फेकून दिलंत तर दंडासकट परत येतं.

आरोग्य विम्याच्या बाबतीत मात्र घाई करू नका. वय तिशीच्या आत असेल तर सरकारी विमा कंपन्यांचा विद्यार्थी दर मिळतो, महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या आसपास. खासगी विमा याहून बराच स्वस्त दिसतो आणि काही एजंट तोच गळ्यात मारतात. तो घेण्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतलीत की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. पुढे दाताचं काही निघालं, एखादं ऑपरेशन निघालं, की महिन्याचे वाचवलेले ऐंशी-शंभर युरो कुठल्या कुठे जातात. विमान उतरल्यापासून विद्यापीठात नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा वेगळा लागतो, एवढंच.

आता ती कचेरी. आउसलेंडरबेहोर्डेची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला शहराप्रमाणे आठवडे लागतात, कुठे महिनेही. आनमेल्डुंग झाली की लगेच अर्ज करा. व्हिसा संपायच्या आधी अर्ज पोचलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर राहतो. म्हणून अर्ज लेखी हवा, आणि तो पोचल्याचा पुरावा, ईमेल किंवा पोर्टलची पोचपावती, जपून ठेवा. टर्मिन लांबली तर ते फिक्टिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद देतात. तो घेऊन दिवाळीला घरी जायचं असेल तर आधी त्यावर कुठल्या चौकोनात खूण आहे ते बघा. कलम 81, उपकलम 4 च्या चौकोनात असेल तर परत येता येतं. उपकलम 3 चा चौकोन असेल तर एकदा बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. खिडकीवरची बाई हे आपणहून सांगत नाही.

दर नूतनीकरणाला चार गोष्टी बघतात: पैसे, विमा, पासपोर्ट आणि अभ्यासातली प्रगती. पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्यापुढचा परवाना देत नाहीत, म्हणून भारतातून निघतानाच तो पुरेसा शिल्लक असलेला बरा. सहा महिन्यांहून जास्त काळ सलग जर्मनीबाहेर राहिलात तर परवाना आपोआप रद्द होऊ शकतो. घरी आजारपण वगैरे निघालं तर जाण्याआधी कचेरीकडून लेखी मुदत घ्या. शहर बदललंत तर तुमची फाइल नव्या शहरात जाते आणि वाटेत बराच वेळ खाते. विषय बदलायचा मनात आला तर विद्यापीठाआधी कचेरीशी बोला.

प्रगतीचं जरा गांभीर्याने घ्या. सेमिस्टरचं अंशदान मुदतीत भरलं नाही तर विद्यापीठ नाव काढून टाकतं, आणि नाव गेलं की परवान्याचा आधारच गेला. परीक्षांचंही तसंच. आपल्याकडे केटी कितीही वेळा देता येते अशी सवय असते. इथे बहुतेक अभ्यासक्रमांत एका पेपरला मोजकेच प्रयत्न, बऱ्याच ठिकाणी तीन. शेवटचाही गेला तर त्या अभ्यासक्रमातून बाहेर, आणि तोच विषय दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या. आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरचं प्रमाणपत्र काढून परीक्षा कार्यालयाला द्या. ‘बघू, देऊन टाकू’ म्हणून पेपर देणं इथे महागात पडतं.

काम करण्याची मर्यादा वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. 1 मार्च 2024 पूर्वी ती 120 आणि 240 होती. चार तासांपर्यंतचा दिवस अर्धा धरतात. विद्यापीठातली सहाय्यकाची नोकरी यात मोजत नाहीत, म्हणून प्राध्यापकांच्या दारावरच्या नोटिसा वाचत चला. विमाही विद्यार्थी दराने राहायला हवा असेल तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा सांभाळावी लागते. लोक इथे फसतात ते फ्रीलान्समध्ये. स्वतंत्र व्यवसायाला वेगळी परवानगी लागते. पुण्याच्या ओळखीच्या कंपनीची वेबसाइट इथल्या खोलीत बसून करून देणं हेही कामच आहे, पैसे भारतातल्या खात्यात आले म्हणून ते सुटत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘चालतंय रे, सगळेच करतात’ म्हणणारा नूतनीकरणाच्या दिवशी तुमच्या बाजूला उभा नसतो. घर, भांडीकुंडी, मेथी कुठे मिळते, यासाठी ते ग्रुप उत्तम आहेत. कायद्याच्या प्रश्नासाठी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा. तिथली मंडळी सहसा इंग्रजी बोलतात आणि पैसे घेत नाहीत.

शेवटच्या सेमिस्टरमध्ये एक तारीख डोक्यात ठेवा. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. पण हातातला परवाना संपायच्या आधी त्याचा अर्ज जायला हवा. छापील पदवी यायला वेळ लागतो, तिच्यासाठी थांबू नका. सगळे विषय पास झाल्याचं पत्र परीक्षा कार्यालयाकडून मागून घ्या. विद्यापीठातून नाव निघालं की विम्याचा विद्यार्थी दरही बंद होतो आणि हप्ता वाढतो. नोकरी लागेपर्यंतचे ते काही महिने धरून पैसे आधीपासून बाजूला काढा.