दुसऱ्याचा घोडा दावणीला बांधण्याआधी

पैसे घेऊन दुसऱ्याचा घोडा आपल्या तबेल्यात ठेवायचा तर कुंपण, पाणी, चंदी, नालबंद, रात्री-अपरात्री येणारा डॉक्टर हवा, हे सांगायला नको. घोडा उतरवून घेण्याआधी ग्लँडर्सचा तपासणी अहवाल मात्र मागाच. तो रोग माणसालाही होतो, तेव्हा मालक ओळखीचा आहे म्हणून भिडेखातर सोडू नका.

आता विमा. एजंट तुम्हाला पब्लिक लायबिलिटी, म्हणजे बाहेरच्यांना झालेल्या इजा-नुकसानीची पॉलिसी, काढून देईल. बघायला आलेल्या पोराला लाथ बसली, घोडा फाटकातून सुटून दुचाकीवर गेला, तर ती कामाची, घ्या. फाटकाला कड्या मात्र दोन लावा, कारण जनावर सांभाळताना हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो, आणि ती कैद काही विमा कंपनी भोगत नाही.

पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो घोडाच सहसा या पॉलिसीत नसतो! आमच्याकडे ठेवलेली एक घोडी रात्री काटेरी तारेत अडकली. सकाळी घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने हाक मारली तेव्हा मागच्या पायाची कातडी घोट्यापाशी सोलून लोंबत होती आणि खालची शीर पांढरी दिसत होती. घोडी वाचली, पण लंगडी राहिली. मालकाने भरपाई मागितली. मी निर्धास्त होतो, पॉलिसी होती ना. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेयरने पॉलिसीतल्या वगळलेल्या बाबींच्या पानावर बोट ठेवलं: विमाधारकाच्या ताब्यातली, देखभालीखालची मालमत्ता. संपलं. सगळे पैसे घरातून गेले.

म्हणून पुन्हा सांगतो, ताबा आणि देखभाल. दुसऱ्याचा घोडा पैसे घेऊन ठेवलात की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कुणीही समंजस माणूस स्वतःचा घोडा जपेल तितका तो जपायची जबाबदारी तुमची. तेवढी जोखीम पॉलिसीत घालून द्या, असं कंपनीला लेखी विचारा. 'होऊन जाईल' हे एजंटचं तोंडी उत्तर चालवून घेऊ नका, एन्डॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीतला बदल नोंदवणारा, कागद हातात हवा. कंपनी नाही म्हणाली तर मालकाला त्याच्या घोड्याचा विमा काढायला लावा, त्यावर तुमच्या तबेल्याचा पत्ता घाला. एवढ्यावरही थांबू नका. मालकाला पैसे देऊन त्याची कंपनी तुमच्या मागे वसुलीला येऊ शकते. तो हक्क सोडल्याचंही कंपनीकडूनच लेखी घ्या.

प्रस्तावात खरं लिहा: घोडे किती, भाडं घेता का, मुलांना रपेट शिकवता का. लपवलंत तर क्लेम गेला. भरपाईच्या कमाल रकमा दोन असतात, एका अपघाताची आणि वर्षाची, दोन्ही बघा. नूतनीकरणात एक दिवसाचीही खाच नको.

मोतद्दार यात येत नाही. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईची (पूर्वी १९२३ च्या कायद्याखालची, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खालची) वेगळी पॉलिसी काढा, टाळाटाळ नको.

करारात घोड्याची किंमत, आणि मालक फोन उचलत नसेल तर उपचाराचा निर्णय कुणाचा, हे असू द्या. आल्या दिवशी चारही पायांचे फोटो. मायक्रोचिप नंबर. काही झालं तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, शवविच्छेदनाशिवाय पुरू नका.

आणि हप्ता भरण्याआधी वगळलेल्या बाबींचं पान उघडा. ताबा, देखभाल. ती ओळ तशीच असेल आणि एन्डॉर्समेंट जोडलेलं नसेल, तर मालकाला गाडी आणू नको म्हणून फोन करा.