डिमर बसवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या वर्कशॉपचा माल निघाला की 28 अँपिअरचा डिमरस्टॅट, म्हणजे गोल कोअरवर तार गुंडाळलेला, मूठ फिरवून व्होल्ट कमी-जास्त करायचा डिमर, कधीतरी हाती लागतो. मग त्याच रात्री लिनिअरला, म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरच्या पॉवर ॲम्प्लिफायरला, जोडायची घाई होते, आणि मला फोन येतो तो धूर निघाल्यावर.

सगळ्यात महाग पडते ती शाफ्टला वरून आधार देण्याची चूक. गोकुळ शिरगावला सीएनसीवर काम करणारा एक तरुण हॅम (हौशी रेडिओवाला) आहे, हात अतिशय साफ. त्यानं डिमर कॅबिनेटच्या तळाला घट्ट कसला, पण शाफ्ट लांब असल्यानं मूठ डुलायची. म्हणून वरून ॲल्युमिनियमची जाड पट्टी टाकली, तिच्यात पितळी बुश बसवला आणि पट्टीची दोन्ही टोकं कॅबिनेटला आवळली. स्विच टाकताच डिमर घुमला, एमसीबी पडली. त्यानं मोठी एमसीबी घातली. "काका, लोड काहीच नाही, तरी लई तापतंय!" मी म्हटलं, "आधी बंद कर, मग बोल."

शाफ्ट कोअरच्या मधल्या भोकातून जातो. त्याचं खालचं टोक तळातून आणि वरचं टोक पट्टीतून कॅबिनेटला भिडलं, की कोअरभोवती धातूचा एक वेढा पुरा होतो. त्या वेढ्यात व्होल्ट एखादाच येतो, पण वाटेचा रोध मिलिओहममध्ये, म्हणून शेकडो अँपिअर फिरू शकतात. पट्टी सोडवल्यावर घुमणं थांबलं, पण वाइंडिंगचं इन्शुलेशन काळं पडलं ते पडलंच. एमसीबी पडते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. ते न ऐकता मोठी घालणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मी वरचा आधार नेहमी बेकलाईटचाच करतो.

मुठीबरोबर वाइंडिंगवर फिरणारा कार्बनचा ब्रश झिजला म्हणून स्टार्टर मोटरचा ब्रश घासून बसवू नका. डिमरचा ब्रश एकाच वेळी शेजारच्या दोन-तीन वेढ्यांवर टेकतो. त्यांच्यातला करंट आवरतो तो कार्बनचा स्वतःचा रोध. स्टार्टरच्या ब्रशमध्ये तांबं असतं. ट्रॅक जळतो, आणि जळलेला ट्रॅक परत नीट होत नाही.

फ्यूज फक्त इनपुटला घालून निर्धास्त राहू नका. आउटपुट 20 व्होल्टवर असताना 60 अँपिअर ओढले गेले, तर 230 व्होल्टच्या बाजूला जेमतेम सव्वापाच अँपिअर दिसतात. फ्यूज जागचा हलत नाही, ब्रश मात्र लाल होतो. 28 अँपिअर ही मर्यादा कमी व्होल्टला वाढत नाही. आउटपुटलाही फ्यूज हवाच.

फिलॅमेंटचा ट्रान्सफॉर्मर डिमरवर नको. लिनिअरमधल्या 813 व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटला 10 व्होल्ट, 5 अँपिअर लागतात, ते वेगळे द्या. डिमर फक्त व्हॉल्व्हच्या प्लेटच्या पुरवठ्याला.

इनपुट-आउटपुटच्या कॉमन टोकाला न्यूट्रलच. फेज गेला, तर मूठ शून्यावर असूनही आउटपुट जिवंत. आणि डिमर आयसोलेशन देत नाही, अर्थिंग टाळू नका.

आपल्याकडच्या पावसात गोडाऊनला पडून राहिलेला डिमर थेट लाइनवर घेऊ नका. मी 60 वॅटचा बल्ब लावून बंद पेटीत दोन दिवस सुकवतो, 500 व्होल्टच्या मेगरनं इन्शुलेशन बघतो, मग आउटपुट मोकळं ठेवून 100 वॅटच्या सिरीज बल्बवर घेतो. बल्ब पूर्ण पेटला, तर आत कुठेतरी वेढा शॉर्ट आहे. गोकुळ शिरगावच्या पोरानं ही पाच मिनिटं दिली असती, तर ती पट्टी तिथंच पकडली गेली असती.