पहिलं मॉड्यूल विकत घेण्याआधी

मॉड्युलर सिंथमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल्स केबलनं जोडून बनवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात, मी आधी कळस बांधला, मग पाया. हौसेनं सूर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर आणि आवाजाचा पोत बदलणारा एक फिल्टर घेतला, केबल खोचल्या, आणि आवाज सुरू झाला तो थांबेचना. कीबोर्डवरून बोट उचललं तरी भोंगा चालूच. पट्टी बदलली की फक्त सूर बदलायचा.

ऑसिलेटर अखंड वाजतच असतो. त्याचं दार उघडबंद करायला व्हीसीए (व्होल्टेजवर चालणारा ॲम्प्लिफायर) लागतो आणि ते कधी, किती वेगानं उघडायचं हे एन्व्हलप सांगतो. माझ्याकडे दोन्ही नव्हते. हे कळलं ते व्हीसीव्ही रॅकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या मॉड्युलर सिंथमध्ये. २०१७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्कोप लावून लहर डोळ्यांनी पाहिली आणि एका संध्याकाळी गाडी रुळावर आली. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या कित्येक मॉड्यूल्सचा कोड खुला आहे, त्यामुळे त्यांची रूपं तिथं 'ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स' या नावानं वाजवून बघता येतात. खिशात हात घालण्याआधी एवढं तरी कराच.

पण सॉफ्टवेअरचीही एक खोड आहे: जागा संपतच नाही. माझा एक पॅच (मॉड्यूल्सची केबलनं केलेली जोडणी) साठ मॉड्यूल्सपर्यंत फुगला, प्रोसेसर धापा टाकू लागला, आवाज तडतडू लागला, आणि गाणं? शून्य. शेवटी स्वतःवरच बंधन घातलं: एकच ओळ, ८४ एचपी. युरोरॅकमध्ये, म्हणजे मॉड्यूल्सच्या प्रचलित मापपद्धतीत, रुंदी एचपीत मोजतात. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. त्या चौकटीत दोन-तीन महिने काढा. ज्या मॉड्यूलकडे हात रोज जातो, ते पहिलं घ्या.

हार्डवेअरमध्ये 'सेव्ह' नाही. आजचा पॅच उद्या मिळत नाही. मी फोटो काढून ठेवतो, तरी तो तसाच्या तसा जमत नाही. शिवाय ऑसिलेटरला दिलेला एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो, म्हणजे लगतच्या दोन स्वरांत जेमतेम ८३ मिलिव्होल्टचं अंतर. ॲनालॉग ऑसिलेटर तापेपर्यंत सरकत राहतो, म्हणून मी अर्धा तास चालू ठेवूनच सूर लावतो. (तानपुरा जुळवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.)

आणि मॉड्यूलला वीज पुरवणारी रिबन केबल! तिची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला यायला हवी. घाईत मी एकदा उलटी लावली. जळका वास आला आणि मॉड्यूल गेलं. काहींत संरक्षक डायोड असतो, त्यात नव्हता. केबल लावताना वीज बंद ठेवा, आणि खरेदीआधी सगळ्यांचे मिलिअँपिअर जोडून पॉवर सप्लायला झेपतात का ते बघा.

एवढं सोसूनही रॅक विकला नाही. एका हातानं फिल्टर उघडताना दुसऱ्या हातानं एन्व्हलप लांबवायची जी मजा आहे, ती माउसनं येत नाही. मिडी कंट्रोलरनं (संगणकाला जोडायच्या खऱ्या बटणांच्या पेटीनं) बरीचशी येते, हे मात्र कबूल.

सध्या माझ्याकडे चार व्हीसीए आहेत. पाचवा हवाय.